रॉटवायलर दत्तक घ्यावा का? शेल्टर म्हणतंय ‘फक्त अनुभवी मालकांसाठी’

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये (टाकून दिलेल्या प्राण्यांना ठेवतात तिथे) एक रॉटवायलर जातीचा कुत्रा आहे. नर, वय अंदाजे चार, वजन ४४ किलो. मुळशीकडे कुणाच्या तरी फार्महाउसवर राखणीला होता, साखळीला बांधलेला. जागा विकली गेली, नव्या मालकाला कुत्रा नको होता, जुना फोन उचलेना. शेवटी शेजारच्या माणसाने शेल्टरला कळवलं. तिथल्या मुलांनी नाव ठेवलंय सर्जा. जाहिरातीत लिहिलंय: ‘फक्त अनुभवी मालकांसाठी. घरात दुसरा प्राणी नको, लहान मूल नको.’

आमच्याकडे मी, नवरा, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. तिसरा मजला, लिफ्ट आहे. आमची लॅब (लॅब्रॅडोर) तेरा वर्षं होती, मागच्या दिवाळीनंतर गेली. नवऱ्याचं म्हणणं, तेरा वर्षांचा अनुभव कमी आहे का? मला मात्र खात्री वाटत नाही. ‘अनुभवी’ म्हणजे नक्की कोण? जाणकारांनी स्पष्ट सांगावं, वाईट वाटून घेणार नाही.

टवाळ
ज्याला आधी एकदा चावलंय तो अनुभवी.

मीरा_पी
टवाळ +१ 😄
ताई, फोटो टाका की! रॉटवायलर म्हणजे जीव की प्राण. माझ्या मावसभावाकडे होती, बाळासारखी मांडीवर झोपायची.

अण्णा७
मांडीवर झोपायची हे ठीक आहे, पण सोसायटीचं काय? सरकारने या जातीवर बंदी आणली आहे ना? मध्यंतरी पेपरात आलं होतं. आमच्या कमिटीने तर लगेच नोटीस लावली होती.

पट्टेवाले_मामा
सिंहगडरोडकर ताई, प्रश्न चांगला विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. बरीच वर्षं मोठी कुत्री तात्पुरती सांभाळतोय, त्यात रॉट, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन सगळे आले.

लॅबच्या तेरा वर्षांना मी कमी लेखत नाही. पण लॅब आपल्या चुका पोटात घालते. पाहुण्यांच्या पोराने कान ओढला, ताटलीत हात घातला, झोपेतून दचकवलं, तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. चार वर्षं साखळीला बांधलेल्या कुत्र्याला उठून दुसरीकडे जाता येतं हेच माहीत नसतं. साखळी संपली की त्याच्याकडे एकच उपाय उरतो. फार्महाउसवर त्या उपायाचं कौतुकच झालेलं असणार, कारण तो तिथे होताच त्यासाठी.

आता तुमचा प्रश्न. माझ्या लेखी अनुभवी म्हणजे कुत्रं ‘कंट्रोल’ करू शकणारा माणूस नव्हे. ४४ किलोचा नर मनावर घेईल तर तुम्हालाही ओढेल आणि तुमच्या मिस्टरांनाही. अनुभवी म्हणजे ज्याला तशी वेळ येण्याआधी दिसतं, आणि ज्याच्या घराची रचना अशी आहे की न दिसलं तरी काही बिघडत नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात.

म्हणून मी दत्तक घेणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारतो: दुपारी चार वाजता बेल वाजली तर तुमच्याकडे दार कोण उघडतं?

तुम्ही दोघं ऑफिसात. कुरियर, गॅसवाला, कामाच्या मावशी, मुलीच्या मैत्रिणी. दार उघडणारं माणूस ही तुमच्या घरातली सगळ्यात कच्ची कडी, आणि या कुत्र्याचा निर्णय त्या कडीवर घ्यायचा असतो. मिस्टर किती तयारीचे आहेत यावर नाही. रविवारी सगळे घरी असताना कुठलंही कुत्रं सांभाळता येतं.

टवाळ
मामा, आमच्याकडे चार वाजता दार कोणीच उघडत नाही. सगळे झोपलेले असतात. आम्ही पात्र.

वकील_वहिनी
अण्णा, बंदीबद्दल. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं होतं. २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. यादीत रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. तेव्हा त्या पत्राच्या आधारावर लावलेली नोटीस काढून टाका म्हणावं. शिवाय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताच्या ठरावानेसुद्धा कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही.

पण ताई, नाण्याची दुसरी बाजूही ऐका. कुत्र्यामुळे कोणाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनपाचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट पहिल्या आठवड्यात करून टाका. सोसायटीशी भांडायची वेळ आली तर कागद तुमच्या बाजूने हवेत.

आणि ज्यांनी त्याला टाकून दिलं त्यांच्याबद्दल: प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आकडे कित्येक वर्षं तसेच राहिलेत. पन्नास रुपयांत हल्ली वडापावच्या दोन प्लेटी येतात, म्हणून कुत्री अशी टाकली जातात.

कोलोनची_काकू
मामांचा प्रतिसाद आवडला. आमच्याकडे (जर्मनी, नॉर्ड्हाइन-वेस्टफालन राज्य) ‘अनुभवी’ची व्याख्या सरकारने करून ठेवलीय. २००३ पासूनचा श्वान कायदा आहे. खांद्यापाशी ४० सेंटिमीटर उंची किंवा २० किलो वजन गाठलं की कुठलंही कुत्रं असो, तुमची लॅबसुद्धा, मालकाला ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. चिप आणि विमा सक्तीचा. रॉटवायलर आणखी वेगळ्या यादीत. त्याला रीतसर परवानगी लागते.

मी ती साधी परीक्षा दिलीय, पर्याय निवडायच्या प्रश्नांची असते. मला वाटलं होतं कुत्र्याला काय शिकवायचं ते विचारतील. निम्म्याहून जास्त प्रश्न चित्रं दाखवून होते: हे कुत्रं काय म्हणतंय? पट्ट्याने बांधलेलं कुत्रं समोरून येतंय, तुम्ही काय कराल? म्हणजे मामा म्हणतात तेच, आधी दिसलं पाहिजे. गंमत अशी की रॉटवायलर मूळचा जर्मनीचाच, रोटवाइल गावचा. गुरं हाकणारं, खाटकांच्या गाड्या ओढणारं कुत्रं. त्याच्याच माहेरी त्याच्यासाठी एवढे कडक नियम.

माणदेशी
शहरातल्या लोकांनी कुत्र्याचं पार नाटक करून ठेवलंय. आमच्याकडं धनगरांची कुत्री लांडग्याला भिडत्यात, त्यांची कुणी परीक्षा घेतलीया? एवढं मोठं जनावर तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं न्यायचं म्हणजे त्याचे हालच. ताई, मला द्या. चार एकर रान हाय, घर मळ्यातच. मोकळा फिरंल.

मीरा_पी
हे बरोबर वाटतंय. मोठ्या कुत्र्याला जागा लागतेच ना?

पट्टेवाले_मामा
माणदेशी दादा, राग मानू नका, पण दोन गोष्टी विचारतो. रानात तो मोकळा म्हणजे कुंपण आहे का, किती उंच? आणि वाटेने जाणाऱ्या शाळकरी पोरांच्या मागे तो पहिल्यांदा धावला की दुसऱ्या दिवशी तुम्ही काय कराल? नव्वद टक्के वेळा उत्तर येतं ‘बांधून ठेवू’. म्हणजे फिरून साखळीच. हा कुत्रा मोठ्या जागेतूनच आलाय, आणि तिथेही साखळीलाच होता. त्याला माणसांत राहायला शिकवायचंय, ते नुसत्या जागेने होत नाही.

धनगराच्या कुत्र्याबद्दल एकदम मान्य. पण ते पिल्लापासून मेंढरांत वाढतं, धन्याबरोबर चोवीस तास असतं. त्याचा आणि याचा इतिहास वेगळा.

मीराताई, जागेपेक्षा वेळ लागतो. दोन वेळा चाळीस-पन्नास मिनिटं हुंगत हुंगत चालणं आणि डोक्याला काम. मग रॉट दिवसभर फरशीवर घोरतो. फ्लॅटमध्ये चांगले राहिलेले मी पाहिलेत.

गुरांचा_डॉक्टर
व्यवसायाने पशुवैद्य. वागणुकीवर मामा बोलतायत, मी शरीरावर बोलतो, कारण मोठ्या कुत्र्यात दोन्ही एकच असतं. गुरगुरणाऱ्या रॉटची आधी तपासणी, मग ट्रेनर. कान, दात आणि खुबे बघून घ्या. खुब्याचा सांधा बिघडलेला असेल तर मागून हात लावल्यावर तो वळून बघणारच. तो दुखण्याचा राग असतो, आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो. खुब्याचा एक्सरे गुंगी देऊन काढावा लागतो, जागेपणी नीट येत नाही.

शेल्टरमधून आलेल्या कुत्र्याची गोचीड-तापाची रक्ततपासणी न विचारता करा. महाराष्ट्रात हा आजार सर्रास आहे. प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि बाहेरून कुत्रं फक्त ‘शांत’ दिसतं. लोक म्हणतात किती गरीब आहे हो! महिनाभर गोळ्या घेतल्यावर खरा स्वभाव कळतो.

तिसरं, पोट. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट गॅसने फुगून पीळ बसतो. ओकारीचा आव आणतं पण काही येत नाही, लाळ गळते, पोट ढोलासारखं लागतं. यात ‘सकाळी बघू’ चालत नाही, तासांचा खेळ असतो. एकाच वेळी डोंगराएवढं खायला घालू नका, दोन-तीन वेळांत विभागा, खाल्ल्यावर लगेच पळवू नका. नसबंदी करायचीच आहे तर त्याच भुलीत पोट बरगडीमागच्या भिंतीला टाचून घेता येतं का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि कटू आहे पण सांगतो. रॉट साधारण नऊ-दहा वर्षं जगतो, हाडाचा कॅन्सर या जातीत जास्त. लॅबची तेरा वर्षं डोळ्यांसमोर ठेवू नका.

अण्णा७
खर्चाचा अंदाज कोणी देईल का? म्हणजे निर्णयाला बरं.

पट्टेवाले_मामा
माझ्याकडे असा एक असला की खाणं, गोळ्या, गोचिडीचं औषध धरून महिन्याला आठ-नऊ हजार सहज जातात. औषधं वजनावर असतात हे लक्षात ठेवा. लॅबची गोळी अर्धी व्हायची, याची दीड होते.

हुकमी_एक्का
एवढी चर्चा कशाला? चांगला ट्रेनर लावा. पहिल्याच दिवशी आडवा पाडून मानेला धरून दाबायचा, सोडायचाच नाही तो नजर खाली करेपर्यंत. एकदा अल्फा (कळपाचा म्होरक्या) कोण ते कळलं की जन्मभर प्रश्न नाही.

पट्टेवाले_मामा
एक्काराव, हे कृपया कोणी करून बघू नका. अल्फाची ही सगळी कल्पना लांडग्यांवरून आली. त्यात आयुष्य घालवलेल्या डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहून टाकलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. पुढारीपणासाठी मारामाऱ्या हे कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांचं चित्र होतं. आणि ४४ किलोच्या घाबरलेल्या कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्याला दाबायचं? गुरगुरणं ही त्याची सभ्य सूचना आहे. ती मारून बंद केली की तो सूचना न देता चावायला शिकतो.

हुकमी_एक्का
आमच्या ट्रेनरने शेकडो कुत्री अशीच सरळ केलीत. चालू द्या तुमचं.

सिंहगडरोडकर
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. शनिवारी आम्ही चौघंही जाऊन आलो. मामांचा चार वाजताचा प्रश्न घरात वाचून दाखवला तेव्हा सासूबाई पटकन म्हणाल्या, “दार मीच उघडते. मलाही ने.”

सर्जा खूप देखणा आहे. डोकं केवढं! मानेभोवती केस गेलेला एक गुळगुळीत काळा पट्टा, तिथे साखळी असायची म्हणे. कोपरांवर घट्टे. पहिली दहा मिनिटं तो जाळीपलीकडे होता आणि आमच्याकडे बघतही नव्हता, जमीन हुंगत फिरत होता. तिथल्या मुलाने आम्हाला बाजूला तोंड करून बसायला सांगितलं. मग तो आला, नवऱ्याच्या बुटाचा वास घेतला, मुलीच्या चपलेचा घेतला, सगळा मागचा भाग हलवत होता. मुलगी तर हरखूनच गेली.

सासूबाई खुर्चीवर होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या चार पायांची काठी वापरतात. उठताना काठी फरशीवर टेकली, टक असा आवाज झाला. आणि सर्जा थिजला. शेपूट थांबली, तोंड मिटलं. मामा, तुम्ही लिहिलेलं आठवलं म्हणून मी त्याच्याकडेच बघत होते, नाहीतर मला काही कळलं नसतं. काठीवर नजर, अंग पुढे, आणि छातीतून फार खालच्या पट्टीतला आवाज. त्या मुलाने दोन पदार्थ लांब फेकून त्याला दुसरीकडे वळवलं, सगळं पाच सेकंदांत झालं. नंतर तो म्हणाला, झाडू घेऊन आत गेलं तरी हा असंच करतो.

सासूबाई गाडीत म्हणाल्या, “मला नाही त्याची भीती वाटली. त्यालाच माझ्या काठीची वाटली. कुणीतरी मारलंय गं त्याला.” आता घरात दोन पक्ष झालेत. नवरा आणि मुलगी म्हणतायत सवय होईल. होईल का?

गुरांचा_डॉक्टर
होऊ शकते. पण कशी, ते महत्त्वाचं. काठीची भीती घालवायची तर ती आधी लांब, न हलणारी, आडवी पडलेली दाखवावी लागते, त्याच वेळी त्याला आवडीचं खायला. मग अंतर कमी, मग हलती काठी, मग आवाज. मधल्या काळात एकदाही ती अचानक जवळ यायला नको. तुमच्या घरात ती दिवसभर चालणार, रात्री बाथरूमलाही जाणार.

पट्टेवाले_मामा
डॉक्टरांनी नेमकं लिहिलं. ताई, तुमचं निरीक्षण उत्तम आहे, त्यामुळे स्पष्ट सांगतो: दुसरं कुठलंही मोठं कुत्रं तुम्ही सांभाळाल, पण सर्जा तुमच्या घरी नको. आजींनी काठी सोडायची नाही, त्यांचा गुडघा आहे. त्यांना एका खोलीत आणि त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून दोन दारं मध्ये घालता येतील, मी स्वतः तसं केलंय. पण मग स्वतःच्या घरात आजींना बाहेर यायला परवानगी लागणार. बाकी काही नाही तरी हा विचार करा.

मीरा_पी
वाईट वाटलं वाचून. पण मग त्याचं काय? असाच राहणार शेल्टरात?

माजी_हँडलर
उशिरा वाचला धागा. पोलिस श्वान पथकातून निवृत्त. आमच्याकडे एका श्वानाला दोन हँडलर (सांभाळणारे, काम करून घेणारे) असायचे, एक रजेवर गेला तर दुसरा. हँडलर बदलायचा असेल तर नवा माणूस पहिले काही दिवस हुकूम देत नसे. खायला घालायचं, ब्रश करायचा, शेजारी बसायचं. कामाचं नंतर. सर्जाला घर मिळेपर्यंत असा एक ठरलेला माणूस मिळाला तरी अर्धं काम होईल. शेल्टरमधली मुलं बदलत राहतात, त्याचा या कुत्र्यांना त्रास होतो.

सिंहगडरोडकर ताई, दर रविवारी जमेल का? मुलीलाही जाळीबाहेरून पदार्थ फेकता येतील. मुसक्याची सवय लावा त्याला. ते काम सावकाश होतं, घाईत असलेल्या शेल्टरला जमत नाही आणि दत्तक जायला त्याने मोठा फरक पडतो.

माणदेशी
मुसकं? बैलाला घालतात तसलं?

माजी_हँडलर
तसलंच म्हणा. जाळीचं, टोपलीसारखं. आत तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, धापता आणि पाणी पिता आलं पाहिजे. कापडी, तोंड आवळणारं मुसकं दवाखान्यात दोन मिनिटांपुरतं. ते घालून एप्रिलच्या उन्हात फिरवलं तर कुत्रं मरेल, कारण धापल्याशिवाय त्याला अंग गार करता येत नाही.

आधी आत दही किंवा कुस्करलेलं केळं लावून नुसतं पुढे धरायचं. त्याने आपणहून नाक घालायचं, आपण घालायचं नाही. पट्टा लावायची घाई करू नका. आपण ते उचललं की तो शेपूट हलवत आला पाहिजे, तेव्हाच बक्कल.

सिंहगडरोडकर
काल घरी बसून ठरवलं. दत्तक नाही घेत आहोत. मुलगी दोन दिवस बोलत नव्हती, पण रविवारचं ऐकून कळी खुलली. शेल्टरला फोन केला, ते खूश झाले. त्यांनी जाहिरातही बदलली: आता ‘अनुभवी मालक’च्या पुढे ‘काठी किंवा वॉकर वापरणारं कोणी घरात नसावं, दिवसा एक जाणतं माणूस घरी असावं’ असं लिहिलंय. सासूबाईंनीच सुचवलं ते, म्हणाल्या नुसतं अनुभवी लिहिलं तर प्रत्येकाला आपणच वाटतो.

माणदेशी दादा, त्यांनी तुमच्याबद्दलही विचारलं. कुंपणाचं काय ते सांगाल?

माणदेशी
कुंपण तारेचं हाय, कमरेएवढं. आणि शेळ्या हायत सात. मामांनी इचारल्यापासनं इचार करतोय. मंडळी म्हणत्यात शेळ्यांचं काय करणार? तवा आमचं राहू द्या. पण आमच्या मेव्हण्याचं वाईला घर हाय, पक्कं कंपाउंड, दोघंच नवरा-बायको, मिलिटरीतनं रिटायर. जनावर नाय दुसरं. मेव्हणी दिवसभर घरीच. त्यांला हा धागा पाठवलाय.

पट्टेवाले_मामा
वा! काठी वापरतात का कोणी?

माणदेशी
नाय. मेव्हणा सकाळी पाच किलोमीटर पळतो.

माजी_हँडलर
त्यांना म्हणावं शेल्टरला तीन-चार वेळा येऊन जा, मगच घरी न्या. आणि पहिले काही आठवडे पाहुणे बोलवू नका, गणपती असले तरी.

टवाळ
गणपतीत पाहुणे नकोत? मला पण एक रॉटवायलर द्या.

सिंहगडरोडकर
😄
हँडलर काका, मुसक्याचं माप कसं घ्यायचं? दुकानदार ‘रॉटवायलर साइज’ म्हणून देतोय.

माजी_हँडलर
जातीवर घेऊ नका. टेलरच्या टेपने दोन मापं: नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या खाली बोटभर अलीकडेपर्यंत लांबी, आणि तोंड धापताना उघडं असेल तेव्हाचा घेर. मिटलेल्या तोंडाचा घेतलात तर लहान येईल. टेप आधी त्याला हुंगू द्या, आणि माप त्या शेल्टरच्या मुलाला घेऊ द्या, तुम्ही नको.